परमिटमधी अडकलेला दिपक

...आन् वर घरची समदी मलाच म्हंत्यात, तू आप्पास्नी नीट सांगितलं न्हाईस म्हणून! काय नीट सांगू? तुमाला सांगतो, आपल्या सोलापुरात परमिट म्हणलं की एकच डोळ्याम्होरं येतंय, परमिट रूम, ते काळे पडदे, चकण्याचा वास... आन् आमचा दिपक, माझा धाकटा भाऊ, परमिटपायी अडकला व्हता बोटीवर! समुद्राला परमिट लागतंय, हे हितं कुणाच्या बापाला ठाव?

दिपक सांगोल्याला पाण्याचा टँकर चालवायचा. मग पाऊस बरा झाला, लोक खूश, आन् ह्याचा टँकर बंद! इंजिनाची नाडी कळायची त्याला, म्हणून गेला बोटीवर. मैलभर दोर सोडायचा, त्याला गळच गळ, आन् लांब खोल पाण्यातला ट्यूना का काय म्हंत्यात तो मासा धरायचा. झकास चाललं व्हतं की! तर बोट अडवली. का? तर परमिट जाळ्याचं, आन् बोटीवर गळ! किनाऱ्याजवळचं परमिट येगळं, खोल पाण्यातलं येगळं, देशाची हद्द वलांडली की आनखी येगळं... आता माशाला कुटं म्हाईत, हद्द कुटं संपती ती? मालक फोन उचलंना, बोट बंदरात बांधून घातलेली, बोटीवरच्या पोरांची आधारकार्डं मासेमारी खात्याच्या सायबाच्या कपाटात, आन् सायब म्हणायचा, निकाल लागस्तवर कुणी हलायचं न्हाय. समुद्राला परमिट लागतंय, बसा बोंबलत!

आन् हितं आमच्या वडलांनी, आप्पांनी, हातरूण धरलेलं. सारखं एकच, दिपक कुटं हाय, दिपक कुटं हाय... आमची सोजरआत्या, आप्पांची धाकटी बहीण, लई गुणाची बाई, पण दम म्हणून न्हाय. गेली, आन् आप्पांच्या कानात वरडली, "दादा, त्यो परमिटमधी अडकलाय!"

झालं! ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं न्हाय, त्यानं भिताडाकडं तोंड फिरवलं. मी पळत गेलो, धुण्याची दोरी सोडून आणली, तिला चिमटं लावलं, म्हणलं, आप्पा, बगा, ह्यो दोर, हे गळ, आन् ह्याला, ह्याला परमिट लागतंय! आप्पांनी चिमट्यांकडं बगितलं, मग माझ्याकडं बगितलं. म्हणाले, "त्याला पाठीशी घालू नगंस. पिऊन का हुईना... पर येऊ दे म्हणावं."

लई वाईट वाटलं बगा. आजून वाटतंय.

परमिट आलं की! आलं न्हाय असं न्हाय. आप्पांची राख सावडून झाली, आन् दिपकचा फोन आला, सुटलो म्हणाला.

आता त्यो परत बोटीवर जात न्हाय. आप्पा काय म्हणाले ते आत्यानं त्याला सांगून टाकलं, म्हणलं न्हवं, दम म्हणून न्हाय... तवापास्नं रोज दिवस कलला की स्टँडामागं जाऊन बसतोय. आदी कदी दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. मीच जातो त्याला आणाया. भायेर ही मोठी पाटी, परमिट रूम! आन् तुमाला सांगतो, आत जाताना आजवर एकानं बी परमिट इचारलं न्हाय.