निळी वायर आणि होणारे व्याही

…नाही, पण सरळ सांगायला काय जातं हो यांचं? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं अमरावतीत बातमीदारी केली, पुढाऱ्यांच्या पोटातून उत्तरं काढली, आणि त्या वूफरच्या कागदावरचं एक वाक्य मला कळू नये? गाण्यांचा ठेका घुमवणारा चपटा डबा, गाडीच्या सीटखाली मावणारा, खोक्यावर छापलेलं, 'कोणीही बसवू शकतो'. मग मी कोणीही नाही का?

पायल, म्हणजे आमची मुलगी, सकाळीच म्हणाली होती, "बाबा, संध्याकाळी सुगतच्या बाबांना अकोल्याले सोडाचं हाये. आमच्या लग्नाले हो का नाई, थे आजच सांगतीन. गाडीले हात लावू नका, अन् आज तरी कोनाशी भांडू नका." मी भांडतो? मी फक्त विचारतो!

तर लाल वायर बॅटरीला, काळी बॉडीला, आणि पुढं काय, तर 'रिमोट जोडा'. अहो, पण रिमोट कुठंय? खोकं झटकलं, थर्माकोल फोडला, मग दुकानदार गोपालला फोन. "रिमोट दाबून ठेवला का रे? छापू का उद्या?" तो म्हणतो, "काका, रिमोट म्हंजे थे निळी वायर. गाडी चालू केल्यावर जिच्यात करंट येते, तिले जोडा." आता वायरला रिमोट म्हणायचं? सरळ सांगायला काय जातं? गाडी चालू केली, सीटजवळच्या वायरींना टेस्टर लावत गेलो, एकीत दिवा लागला. लुकलुकत होता, पण म्हटलं, टेस्टर जुना आहे. जोडली. माझ्या कोपरानं डाव्या इंडिकेटरची दांडी ढकलली गेली होती आणि ती वायर त्याच इंडिकेटरची होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

संध्याकाळी देवराव पुढं बसले, सुगतचे वडील. दुखऱ्या कमरेला डॉक्टरचा पट्टा, चेहरा असा की मयतीत बरा. सरळ रस्त्यावर वूफर मुका. पहिलं डावं वळण, इंडिकेटर टिक… आणि त्यांच्या सीटखाली धप्प. टिक… धप्प. टिक… धप्प.

"हे काय होऊन राह्यलं?"

"रस्ता खराब आहे," मी म्हटलं.

"खड्डा तं दिसून नाई राह्यला."

मागून आमची बायको, माया, कुजबुजली, "घातला का पाव्हण्याच्या बुडाखाली बॉम्ब?" दुसरं वळण आलं. धप्प. देवरावांनी डोळे मिटले, आरशात पायलचा चेहरा पांढरा, मी मनात म्हटलं, गेली सोयरीक…

"अजून एकडाव डावीकडं घ्या."

"अहो, पण अकोला सरळ आहे."

"घ्या हो. कंबर मोकळी होऊन राह्यली. डॉक्टरच्या मशीननं नाई झालं, थे याच्यानं होऊन राह्यलं."

हायवेला लागलो तर म्हणे, ते टिकटिक चालूच ठेवा. ठेवलं! मूर्तिजापूरच्या अलीकडे एवढंच म्हणाले, "पोरीचं पक्कं समजा. पन हे वायर बदलाची नाई." आणि घोरायला लागले.

तेव्हापासून अकोल्यापर्यंत, तुम्हाला सांगतो, डावा इंडिकेटर चालू आणि गाडी सरळ. प्रत्येक ट्रकवाला बाजूला येऊन मान बाहेर काढतो, "ओ काका, वळता का नाई? सरळ सांगा नं, काय जाते तुमचं?" आणि मी, ज्यानं तीस वर्षं कोणाचं ऐकून घेतलं नाही, तो मी नुसता हात जोडत होतो. बोलणार काय? व्याही झोपले होते.