वेतुरियाबाईंचा वर्ग आणि प्लोपाचा खटला

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या गावचे नगराध्यक्ष माननीय ऑक्टाव्हियान रुसूसाहेब. तुरुंगाच्या अधीक्षक श्रीमती अडेला क्रिशान. व्यासपीठावरची मान्यवर मंडळी. समोर बसलेले तुरुंगाचे आजी-माजी कर्मचारी. मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले, माझ्यासारखेच फक्त माजी असलेले पाहुणे. आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या तुरुंगाच्या शिक्षिका वेतुरिया होदोशबाई, आपणा सर्वांना तोदेर मुंतेआनचा आदरपूर्वक नमस्कार.

वेळ संपली की अध्यक्षमहाराज उजवीकडून घड्याळ दाखवतील, असं मला बजावण्यात आलं आहे. त्यांनी खुशाल दाखवावं. माझा उजवा डोळा काचेचा आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंना ज्ञानज्योती म्हटलं, करुणामूर्ती म्हटलं. बाई मान खाली घालून बसल्या होत्या, पण मी ओळखतो त्यांना, त्या चिडल्या होत्या. म्हणून मी विशेषणं घरी ठेवून आलो. जे घडलं तेवढंच सांगतो.

हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतीला जेमतेम काही वर्षं झाली होती. तुरुंगात एका खाटेवर तिघं झोपत होतो. बाई आम्हाला साक्षर करायला आल्या आणि पहिल्या आठवड्यात वर्गात आला फक्त एक पहारेकरी, तोही शेगडीच्या उबेसाठी. मग बाईंनी बाराखडी गुंडाळली आणि इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणली. बाजारात मिळतात तशी, चटपटीत भाषेतली. बर्फात अडकलेली जहाजं, दर्यावर्दींची बंडं, वेढे, तोफा, कापलेली मुंडकी. त्या मोठ्यानं वाचायच्या. पंधरा दिवसांत बसायला जागा उरली नाही. मंडळी, आम्ही कोण होतो? कुणी दरोडेखोर, कुणी खुनी. मी स्वतः पेट्रोल पंपाच्या रखवालदाराचं डोकं फोडून आत गेलेलो. आम्हाला तिथे आमचीच माणसं भेटली, फक्त कपडे भारी.

आमच्यात रेमुस कोर्डान होता. सख्ख्या मेहुण्याला कुऱ्हाडीनं तोडून आलेला. तो सगळ्यात पुढे बसायचा. एकदा बाईंनी एका डोंगरी राज्याची हकिगत वाचली. परक्या सेनापतीनं राजाला दग्यानं पकडलं, खंडणी म्हणून खोलीभर सोनं घेतलं, आणि मग सोडायच्या ऐवजी चौकात त्याच्यावर खटला भरला. दुपारी सुरू झालेला खटला संध्याकाळी संपला. राजाचा गळा आवळला.

रेमुसनं विचारलं, "बाई, त्या लोकांना मग किती वर्षांची झाली?"

"शिक्षा? नाही झाली. त्यांचे पुतळे झाले."

सगळा वर्ग खो खो हसला. रेमुस हसला नाही. "आणि राजाच्या बाजूनं बोललं कोण?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या.

त्याच महिन्यात सांदू व्रांचान मेला. अंगानं किरकोळ, जरा तोंडाळ पोरगा. जेवणाच्या रांगेत काहीतरी उलटं बोलला म्हणून त्याला तळघरात नेलं. परत आणलं ते घोंगडीत. घरी कळवलं, हृदय बंद पडलं. नेणाऱ्यांत पहारेकरी इओसिफ प्लोपा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि वर्गाच्या दारावर पहाऱ्याला कोण असायचं? प्लोपाच.

मग एका गुरुवारी सकाळी वर्ग चालू असताना दुसऱ्या इमारतीतून आरडाओरडा ऐकू आला. तिथल्या कैद्यांनी गाद्या पेटवल्या होत्या. प्लोपा बाहेर धावणार तोच रेमुसनं त्याला आत ओढलं, दाराला बाक लावले, आणि हातात घेतली खाटेची लोखंडी पट्टी. ती तो कधीपासून कपड्यांत लपवून आणत होता कुणास ठाऊक. पहिल्या फटक्यात प्लोपाचं मनगट गेलं. दुसऱ्या फटक्यात दात फरशीवर सांडले. मी जवळच होतो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"बाई, तुम्ही भिंतीकडे तोंड करा," रेमुस म्हणाला. "तुमच्याशी आमचं काही नाही. याचा खटला चालवतो. पुस्तकातल्यासारखा."

बाई भिंतीकडे वळल्या नाहीत. "चालव. पण पुस्तकात राजाच्या बाजूनं कुणी नव्हतं. याच्या बाजूनं मी उभी राहते."

"याच्या? या कुत्र्याच्या?"

"हो, याच्याच. चालवायचा तर नीट चालव."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, काय पोरखेळ लावलाय! घाल एक टाळक्यात!" रेमुसनं त्यालाच दम भरला, "गप बस रे, बाई बोलतायत."

आम्हाला वाटलं, बाई आता हातापाया पडतील. त्याच्या बायकोचं, लेकरांचं सांगतील. त्या प्लोपासमोर गुडघे टेकून बसल्या, जवळच्या रुमालानं त्याचं तोंड पुसलं आणि विचारलं, "सांदूला मारलंस?"

प्लोपानं मान हलवली. नाही.

"इओसिफ, बाहेर धूर झालाय. कदाचित ही तुझी शेवटचीच गोष्ट असेल. सांदूला मारलंस का?"

फुटलेल्या जबड्यातून शब्द नीट येईनात. तरी आले. "मारलं. लाथा घातल्या. तो पाणी मागत होता. तरी घातल्या."

मंडळी, त्या खोलीत जो आवाज उठला तो माणसांचा नव्हता. बाकावर पाय आपटत होते, थुंकत होते. मला वाटलं, या बाईनं वाचवायचं सोडून स्वतःच त्याला मारलं. रेमुसनं पट्टी उगारली. बाई मध्ये आल्या. "गुन्हा सिद्ध झालाय, रेमुस! आता त्याला जिवंत ठेव. जे इथे बोलला ते कोर्टात बोलू दे. मेला तर सांदूचं हृदयच बंद पडलेलं राहील!"

"सरका, बाई."

"नाही सरकणार."

पट्टी खाली आली. बाईंनी हात वर केला होता. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकी फांदी मोडावी तसा. रेमुसनं पुन्हा पट्टी उगारली. या वेळी मी त्याच्यावर उडी मारली. का मारली? आजपर्यंत मला कळलेलं नाही. आम्ही दोघं धुरात लोळलो. त्यानं माझ्या कानाचा लचका तोडला, मी त्याचं डोकं फरशीवर आपटलं. मग पट्टीचं टोक माझ्या डोळ्यात घुसलं. पण तोवर बाकीचेही त्याच्यावर पडले होते, आणि प्लोपा बाईंच्या मागे, भिंतीशी, जिवंत होता.

दार तोडून जवान आत आले, त्यांनी सरसकट सगळ्यांना झोडपलं. बाईंनाही एक बसली. त्याबद्दल कुणी दिलगिरी व्यक्त केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. असो. आज मंगल प्रसंग आहे.

पुढे चौकशी झाली. राजधानीहून आलेले साहेब म्हणाले, "ही रक्तानं माखलेली पुस्तकं कैद्यांना दिली कुणी? खटल्याची अवदसा त्यांना यातूनच आठवली!"

बाई म्हणाल्या, "आठवली, खरंय. पण साहेब, सांदूला मारणाऱ्यांनी कुठलं पुस्तक वाचलं होतं?"

पुस्तकं बंद झाली. बाईंचा पगार वर्षभर अडला. हात मात्र कायमचा वाकडा राहिला. त्या वाकड्या हातानं त्या पुस्तकं पुन्हा घेऊन आल्या. रेमुसला पुढे क्षयानं गाठलं. तुरुंगाच्या इस्पितळात तो मरेपर्यंत त्या त्याच्या खाटेशी बसून वाचत होत्या. मी चिडून विचारलं, "ज्यानं हात मोडला त्याला?" तर म्हणाल्या, "जहाज अजून बर्फातच अडकलंय रे. त्याला पुढचं ऐकायचंय."

आणि प्लोपा? भरल्या वर्गासमोर जे बोलला, ते त्यानं कोर्टात नाकारलं नाही. जबडा तारेनं बांधलेला होता, म्हणून लिहून दिलं. बरोबरच्या दोघांची नावंही दिली. नोकरी गेली, शिक्षा झाली, ती त्यानं भोगली. आज त्यालाही बोलावलं होतं. त्यानं निरोप धाडला, "त्या माउलीसमोर मला बसवणार नाही."

ती माउली म्हणजे सांदूची आई, रुझालियाबाई व्रांचान. पहाटेच्या बसनं आल्यात, तिसऱ्या रांगेत बसल्यात. प्लोपाचा निरोप मी त्यांना सांगितला. त्या म्हणाल्या, "नकोच येऊ दे त्याला. माझ्यानं बघवणार नाही. पण माझं पोर कसं गेलं ते मला कळलं. ते मला कुणी सांगणार नव्हतं."

भाषण लांबलं. अध्यक्षांनी सांभाळून घेतलं, आपण सर्वांनी कान दिलात, मी आपला ऋणी आहे. काही शब्द या सभागृहाला शोभले नसतील. माझी भाषा जिथे घडली त्या जागेच्या नावावर ते घालावेत आणि मला माफ करावं.

आता एक बदल. पुष्पगुच्छ नगराध्यक्षांच्या हस्ते असं पत्रिकेत छापलंय. साहेबांनी तो मान मोठ्या मनानं सोडला आहे. रुझालियाबाई, या. पायऱ्या उंच आहेत, सावकाश या. आणि बाई, तुम्ही उठू नका म्हटलं तरी उठणारच, तेव्हा उठा.