बादलीभर पाणी

तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, तळ्याकाठी, बुर्सा शहराला जाणारी मिनीबस भरेपर्यंत चालक सेफरला ऐकण्यावाचून दुसरं काम नव्हतं. खिडकीत म्हातारा हालित बसला होता, मुलाकडे कायमचा राहायला निघालेला. खाली त्याची शेजारीण नेझाहत, हातात बादली घेऊन.

"सगळं जग हे गाव बघायला येतं, आणि तू चाललास!"

"येतात ते पाण्यातलं जुनं चर्च बघायला. तुला बघायला नाही."

"त्याच्याच भिंतीवर उभं राहून जन्मभर मासे धरलेस. पायाखाली चर्च आहे हे कळलं कधी? विमानातून फोटो निघाल्यावर!"

"तू तरी तिथंच पोहायचीस की. खाली बघायचं होतंस."

"मी वर बघायची. भिंतीवर तू असायचास ना."

"...ती बादली कशाला? माणूस परत यावा म्हणून मागं पेलाभर पाणी ओतलं तरी पुरतं."

"तुझ्यासाठी कोण ओततंय? धूळ बसवायला आणलीय."

बस निघाली. मागं धबकन पाणी पडलं.

"सेफर, आरशात बघ रे. किती ओतलं?"

"अख्खी बादली, काका. आता दुसरी भरायला तळ्याकडे निघाल्यात."

"बरं. बुर्साहून परतायची शेवटची बस किती वाजता सुटते रे?"