तांड्यात न मोजलेली गाडी

— हां, उघडलं एकदाचं. मला वाटलं तू दार उघडतच नाहीस, आणि तुला वाटलं असेल, हा म्हातारा काचेवर चापट्या का मारतोय. मूठच नाही रे या गाड्यांच्या दाराला. सगळं गुळगुळीत. मूठ आत दडवून ठेवायची आणि बर्फाच्या वादळात, बोटं बधिर झालेली असताना माणसानं ती शोधायची — हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल? घरात बसणाऱ्याच्या. बसू ना? बसलोच आहे म्हणा. तुझ्यापुढची ती लाल, ती माझी. तिचा हीटर आहे, पण गरम काही येत नाही, नुसते उसासे टाकतो. आणि एंजिन चालू ठेवून उभं राहावं, तर सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजतं आणि धूर आत शिरतो. माझ्या तरुणपणी याच फाटकापाशी दोघं गेले तसे, बसल्या जागी, झोपेत. म्हणून मी एंजिन बंद करतो आणि कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसतो. तुमच्या गाड्या बऱ्या. आवाज नाही, धूर नाही, आणि बूड शेकायची सोय.

हाल्वर. हाल्वर म्हणतात मला. पूल ओलांडून वर आलास ना, त्या वळणावरचं पिवळं घर, ते माझं. असा अंग चोरून बसू नकोस, मी काही मागायला आलेलो नाही. आमच्यात बसमध्ये कुणी अनोळखी माणसाच्या शेजारी बसत नाही, जागा असली तरी उभे राहतात, मला माहितेय, मीही उभाच राहतो. पण फाटक पडलं की तो नियम नाही. फाटक पडलं, वर घाट बंद झाला, की माणसं बोलतात. वारं जरा नरमलं की पलीकडून फाळाचा ट्रक बर्फ लोटत येतो, मग त्याच्या मागे आपला तांडा निघतो, आणि डोंगर उतरलं की जो तो आपल्या वाटेनं. पुन्हा दुकानात समोरासमोर आले तर मान वळवतील. तेही ठीकच आहे. घे, लेफ्से खा, आमच्याकडच्या मऊ पोळ्या. लोणी-साखर लावून दुमडलेत, मीच केलेत, जाड झालेत थोडे. त्या डब्यातले नको, हे कागदातले घे. तो डबा पलीकडे द्यायचा आहे.

पहिल्यांदाच चाललायस ना तांड्यातून? बुटांवरून कळलं. एक लक्षात ठेव, पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडायचे नाहीत. काही दिसेनासं झालं तरी थांबायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही. तू थांबलास की मागचे सगळे थांबले, आणि वर एकदा थांबलं की बर्फ गिळायला बसलेलाच असतो. बॅटरी किती आहे? अर्ध्याच्या वर. मग झालं तर. औदुन विचारेल — तो फाळवाला, औदुन — प्रत्येक काचेशी येतो तो, गरम कपडे आहेत का, इंधन आहे का, आणि बोट दाखवत गाड्या मोजतो. इकडून जितक्या घेतल्या तितक्याच तिकडे उतरल्या पाहिजेत ना. थंडीत बॅटरी कमी पडते म्हणतात. पडते. पण चढताना खाल्लेलं उतरताना थोडं परत तरी देते. पेट्रोलनं कुणाला काही परत दिलंय? मी पेट्रोलवाला, मी सांगतो, नाही दिलं.

आणि लोक म्हणतात, गाडी काय भिंतीतल्या प्लगला लावायची वस्तू आहे? अरे, आम्ही जन्मभर गाडी भिंतीलाच लावत आलोय. थंडी कडाक्याची पडली की झोपायच्या आधी अंगणात जायचं आणि एंजिन गरम ठेवायला विजेची वायर लावायची, नाहीतर सकाळी त्या बाईसाहेब उठणार नाहीत. घरोघरी वायरी लोंबायच्या. तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. माझा मुलगा, शेटिल, तो हेच म्हणतो — बाबा, तुम्ही वायर लावून पेट्रोलची गाडी चालवता आणि माझ्या गाडीला वायर आहे म्हणून हसता. बरोबर आहे त्याचं. त्याची गाडी थंडीत काचा तडकतील अशा सकाळी एका बटणावर निघते. माझी लाल? दमट झालं की रुसते. उन्हाळ्यात गरम झालं की रुसते. मी शाळेची बस चालवायचो, निम्म्या खोऱ्यातली पोरं मी पोचवलीत, मला एंजिन कळतं — आणि मला कळतं म्हणूनच सांगतो, भरवसा ठेवायचा तर तुझ्या गाडीवर ठेव. तिच्यावर ठेवू नये.

का ठेवलीय? विचारतोयस का बघतोयस नुसता? सगळे विचारतात.

मागच्या आणि त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ती तांड्यात बंद पडली. वर, अगदी माथ्यावर. मागे सगळी रांग, त्यात तान्ह्या मुलाला घेऊन एक बाई, आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून फुंकर मारतोय. औदुन दोन्ही वेळा परत आला, दोरानं ओढून नेलं. दुसऱ्या वेळी खाली उतरल्यावर म्हणाला, हाल्वरकाका, ही गाडी आता माझ्या तांड्यात नाही. ओरडला नाही, ओरडला असता तर भांडलो असतो. माझ्याच बसमधून शाळेत जायचा तो, खिडकीला नाक लावून बसायचा. तेव्हापासून तो मला मोजत नाही. येतो, हात करतो, आणि पुढच्या गाडीवर बोट ठेवतो. तरी मी येतो. फाटक पडलं की येतो, रांगेत लावतो. कधी दुसरा कुणी फाळावर असला तर? नसतो. औदुनच असतो. मग तांडा निघाला की मी गाडी वळवतो आणि घरी जातो. तेवढ्यात कुणी तुझ्यासारखं भेटतं, तेवढंच. पण आज मी त्याला सांगणार आहे. आज मोज म्हणणार आहे. आज जायलाच हवं.

बायको आहे पलीकडे. गुन्वोर. एल्वेसेटच्या वृद्धाश्रमात. आमच्या बाजूला जागा नव्हती, तिकडे मिळाली. उन्हाळ्यात मी रोज जायचो. तिला — कसं सांगू — तिला माणसं राहिली नाहीत. चेहरे गेले. शेटिलचा गेला, बहिणीचा गेला, आरशातला स्वतःचासुद्धा गेला, म्हणते ती म्हातारी कोण सारखी बघते माझ्याकडे. पण लालचा आवाज राहिला. ऐकलास ना मघाशी, तू मागे आलास आणि मी ती जरा पुढे घेतली तेव्हा? खडखड, मग एक खोकला, मग खडखड. सायलेन्सरला चीर आहे. चार वेळा तपासणीवाल्यांनी दुरुस्त करायला लावली, चारही वेळा मी पुन्हा उकलली, कारण तिला घरात पुलापासून ऐकू यायची. पुलावर आवाज आला की ती बटाटे शिजायला टाकायची. मी बूट काढून हात धुवेपर्यंत बटाटे ताटात. आणि मी दारातून आत आलो की वर बघायचीसुद्धा नाही — आलं धुराडं, म्हणायची. मला म्हणायची. सगळ्या संसारात हाल्वर अशी हाक मी तिच्या तोंडून फक्त चर्चमध्ये ऐकली, लग्नाच्या दिवशी.

तर उन्हाळ्यात मी आश्रमाच्या आवारात शिरायचो, आणि ती खिडकीशी उभी. नर्सबाईंना सांगायची, आलं धुराडं, बटाटे टाका. मी आत गेलो की बोलायला लागायची. काय काय बोलायची. बहुतेक शिव्याच. मी खूष.

गाडी आहे की घरी. दुसरी. तुझ्यासारखीच, थोडी जुनी. शेटिलनं दिली, स्वतःला नवी घेतली तेव्हा. अंगणात उभी आहे, भरलेली, किल्ली खुंटीवर. ती घेऊन आलो तर औदुन सगळ्यांत पहिली मोजेल. सांगितलं नव्हतं तुला — विचारलं कुठे होतंस? एकदा गेलो ना तिच्यातून. पहिलं बर्फ पडलं तेव्हा, लाल सुरूच होईना. मस्त गेली. घाटात कुठे हुं नाही की चूं नाही, मी शीळ घालत गेलो. लावली खिडकीखाली. खिडकीत कुणी नाही. म्हटलं झोपली असेल. आत गेलो तर खुर्चीत बसलेली, जागी. माझ्याकडे बघून हसली. उठायला लागली. म्हणाली, अहो, तुम्ही हीटर दुरुस्त करायला आलात ना? बरं झालं आलात, खोली फार गार पडते हो.

तुम्ही म्हणाली. मला.

मग काय करणार — केला दुरुस्त. काही झालं नव्हतं हीटरला, मागची वायर सैल होती. गुडघ्यावर बसलो, वायर बसवली, ती वरून म्हणते, किती त्रास झाला तुम्हाला, कॉफी घेता का? घेतली कॉफी. माझ्या बायकोच्या समोर बसून, पाहुण्यासारखी. मी तिला सांगितलं, गुन्वोर, मी आहे, धुराडं. ती घाबरली. दाराकडे बघायला लागली. म्हणून मग उठलो. जाताना आभार मानले तिनं माझे. तुला नाही कळायचं ते. आयुष्यभर जी बाई कधी सरळ बोलली नाही, ती अशी गोड बोलायला लागली की माणसानं जावं कुठे?

आवाज? हो, भरून घेतला ना. तुला काय वाटतं, आम्हाला सुचत नाही? शेटिलनं भरला फोनमध्ये, खिडकीशी नेऊन वाजवला. ती म्हणाली, टेलिफोनमध्ये गाडी कशाला घातलीस? आणि हसत सुटली. येडी नाही ती. तुझी गाडी काढते आवाज? बटणावर? काढ बघू. … हं. हे विमान उतरल्यासारखं आहे रे. बंद कर, बंद कर, पुढचा व्हॅनवाला वळून बघतोय.

बिघडलेल्या गाडीची एवढी ओढ कशाला, असं शेटिल विचारतो. चांगली गाडी दारात असताना. त्याला मी हीटरचं सांगितलं नाही. त्याला सांगितलं, आई बरी आहे, गाडी छान चालली. तुला का सांगितलं? तू मघाशी म्हणालास ना, तिकडून पुढे जहाजानं जाणार, म्हणून. पुन्हा दिसायचा नाहीस.

आज सकाळी नर्सबाईंचा फोन आला. चांगली मुलगी आहे, फार जपून बोलते. म्हणाली, जेवण कमी झालंय. म्हणाली, आता खिडकीशी जात नाहीत त्या, पडूनच असतात. म्हणाली, घाट उघडला तर येऊन जा, वसंताची वाट नका बघू. मी म्हटलं येतो. लालचे प्लग काढून चुलीवर शेकवले, वायरी पुसल्या, एकदा किल्ली फिरवली आणि उठली, पहिल्याच वेळी, खडखड खडखड — शहाण्यासारखी. पडून असली तरी ऐकू तर येईल ना तिला? खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणून सांगितलंय मी. तिकडेही आश्रमाआधी पूल आहे, त्या पुलापासून हॉर्नसुद्धा देणार आहे.

तो बघ. दिवे. आला औदुन. बस, हलू नकोस, आधी माझ्या गाडीकडे येईल, मी जाऊन काच खाली करून — नको, मी इथून बघतो. इथून दिसतंय. त्या निळ्या गाडीवाल्याशी बोलला. व्हॅन मोजली. आता लाल. थांबलाय. बघ, थांबलाय, इतर वेळी थांबत नाही. आत बघतोय, मी नाहीये ना आत. छपरावरचं बर्फ झाडतोय हातानं. थोपटतोय बघ तिला.

नाही. पुढे आला. बोट केलं नाही त्यानं.

नाही, उतरून काय सांगू? बरोबरच आहे त्याचं. मागे पोरंबाळं असतील. मी त्याच्या जागी असतो तर मीही — काय? तुझ्याबरोबर? हो, जाता येईल. तुला वाटेतच आहे एल्वेसेट, दारात सोडशील, माहितेय मला. जागा आहे, गरम आहे, तुझी गाडी बंद पडणार नाही. सगळं खरं आहे. मीही मघापासून हेच म्हणतोय का? असेल. पण आवाज न करता मी तिच्या खोलीत शिरणार, आणि ती पडल्या पडल्या हसणार, आणि — हीटर तर दुरुस्त झालाय रे. आता मी कोण म्हणून जाऊ?

हा डबा घे. तिकडच्या पुलाला लागून आश्रम आहे, दारात दे, गुन्वोरसाठी म्हण. कुणाकडून विचारलं तर धुराड्याकडून म्हण, नर्सबाईंना कळेल. दालचिनी जास्त घातलीय, तिला आवडते. लाल मी बाजूला घेतो म्हणजे तुला व्हॅनच्या मागे लागता येईल, तिचे दिवे सोडू नकोस.

काच खाली कर, तो आलाय. किती माणसं विचारतोय तो. एक सांग. अरे बघतोस काय माझ्याकडे, एकच सांग त्याला. आणि हे दार — आतून तरी मूठ आहे की नाही याला? उघड ना.