झग्याच्या काठावरचं नाव

हॅलो?

… हॅलो, कोण… आई? अगं, आवाज असा घुमतोय काय तुझा? कुठून बोलतेयस?

… कुठे?

… मार्युतच्या सॉनात? बाहेर बारशाला माणसं जमलीयत आणि तू सॉनात काय करतेयस?… तापलेला नाहीये ना? मग ठीक आहे. बस फळीवर. चांगला ड्रेस आहे ना अंगात? मग टॉवेल घाल खाली.

हो, हो… बरी आहे तुइस्कू. सकाळपासून उलटी नाही झाली. सुका टोस्ट खाल्लाय, आता खिडकीपाशी चित्र काढत बसलीय. पाहुण्यांत दोन-दोन तान्ही बाळं, तिथे ही पोटाची साथ घेऊन कशी येणार होते मी? पण वाईट वाटतंय गं. सख्ख्या बहिणीच्या बाळाचं बारसं आणि मी इथे बादली सांभाळत बसलेय. मार्युत रागावली नाही ना?

… बरं, ते राहू दे. नाव सांग. काय ठेवलं?

… अगं झालं ना जाहीर? पाद्रीबाईंनी डोक्यावर पाणी घातलं ना? मग आता कसलं गुपित? मी म्हणत होते आइनो ठेवतील. यार्क्को म्हणत होता हिल्मा.

… दोन्ही नाही? मग?

… आई, तू रडतेयस का?

… काय म्हणालीस?

… परत सांग.

… नाही, ऐकू आलं. ऐकू आलं मला. कूरा.

…

आहे. आहे मी लाइनवर. थांब, दार लोटून घेते. तुइस्कू इथेच बसलीय.

… आई, ते आमचं नाव आहे. माझ्या मुलीचं. येत्या रविवारी बारसं आहे गं तिचं. सात आठवडे मी हिला अंगावर पाजताना, कुणी नसताना, कानात त्याच नावाने हाक मारतेय. हसते ती आता. त्या नावाला हसते.

… दुसऱ्या कुठल्याही नावाला हसली असती म्हणे. नाही, चिडत नाहीये. चिडत नाहीये मी. पण तुला तर माहीत होतं ना? सगळ्या जगात कुणाकुणाला माहीत होतं? मला, यार्क्कोला, तुइस्कूला आणि तुला. आणि तुलाही कशाला सांगितलं? आपल्या घरातल्या बारशाच्या झग्याच्या काठावर प्रत्येक बाळाचं नाव भरायचं असतं म्हणून. नाहीतर तुलाही नसतं कळलं.

… मार्युतनेही सांगितलं तुला? कधी?

… गुरुवारी. म्हणजे तीन दिवस तू… हो, बरोबर, तीही भरतकामासाठीच सांगणार. सगळ्यांची नावं तूच भरतेस. माझं, मार्युतचं, तुइस्कूचं. ते मी विचारत नाहीये. मी विचारतेय की गुरुवारी तू मला फोन का नाही केलास?

… तिला शब्द दिला होतास.

… आणि मलाही दिला होतास. म्हणून दोघींना काही बोलली नाहीस. आणि आता जाहीर झालं म्हणून शब्दातून सुटलीस, म्हणून सॉनात जाऊन मला फोन.

आई…

अगं, माहितेय मला बारशाआधी नाव फोडायचं नसतं. मीही फिनलंडमध्येच जन्मलेय. हो, आजीने टोइनी-आत्याच्या मुलाचं दुकानात बोलून टाकलं, अख्ख्या गावाला अजून आठवतं… मी हजार वेळा ऐकलंय ते. पण हे वेगळं होतं ना? एक शब्द. एखादा इशारा. 'रीक्का, नावाचा परत विचार कर बाई', एवढं जरी म्हणाली असतीस…

… म्हणालीस? कधी?

… शुक्रवारी 'हे नाव थंडगार वाटतं' म्हणालीस, तो इशारा होता? अगं, तुइस्कूच्या वेळीही तू तेच म्हणाली होतीस. वाऱ्यावर उधळलेल्या बर्फाचं नाव कुणी मुलीला ठेवतं का, पोरगी आहे की हवामानाची बातमी. चार वर्षं झाली, दर नाताळात म्हणतेस. मी कशी ओळखणार हा इशारा होता ते?

… थांब. थांब जरा. झगा.

झग्यावर तर तू आधीच भरलं होतंस. मी नाव सांगितलं त्याच आठवड्यात. पांढऱ्या दोऱ्याने, तुइस्कूच्या शेजारी. फोटोही पाठवला होतास मला. मग नवऱ्याला, एसाला, बोटीवर कामाला जायचंय म्हणून मार्युतने बारसं अलीकडे घेतलं, आणि झगा आधी तिच्याकडे गेला… मग तिला ते दिसलं असेल ना?

… इस्त्री करताना. मग? काय म्हणाली?

… तिला वाटलं तिचंच.

… 'आई, गुरुवारी सांगितलं आणि शनिवारी तयार.' आणि गळ्यात पडली. आणि तू?

… गप्प बसलीस. हो. काय बोलणार होतीस म्हणा. पण आई, म्हणजे माझ्या मुलीसाठी भरलेलं नाव अंगावर घालून तिची मुलगी आज पाद्रीबाईंसमोर…

नाही, नको रडूस. अगं ऐक ना. ऐक. तिथे नळ असेल, तोंड धू. बाहेर जाशील तेव्हा सगळे विचारतील.

मला हे तुइस्कूला कसं सांगायचं ते कळत नाहीये. तुला माहीत नाही, हे नाव तिनं ठेवलंय. आम्ही बाळाला घरी आणलं ना, ती सकाळ. रात्रभर गारठा पडला होता, दारातल्या बर्चच्या काडीकाडीवर दव गोठून पांढरंशुभ्र झालं होतं. ही आजोबांच्या जाकिटात गुंडाळून पायरीवर उभी. मी म्हटलं, बघ, झाडांवर कूरा पडलीय. तर म्हणाली, 'मग ही कूरा. मी वारा सुटल्यावरची, ही वारा थांबल्यावरची.' चार वर्षांची पोर. मी आणि यार्क्को नुसते बघत राहिलो. आम्ही दोन महिने याद्या करत होतो गं. यार्क्कोला तर काहीच सुचत नव्हतं, शेवटी म्हणाला 'रांता' ठेवू, पावसात मिसळलेला बर्फ, चिखलच तो. मी उशी फेकून मारली होती त्याला.

आणि तेव्हापासून तिनं तोंडातून एकदाही काढलं नाही. पाळणाघरात बाईंनी मुद्दाम विचारलं, चॉकलेट दाखवलं, तर दोन्ही हात तोंडावर. रात्री झोपताना माझ्या कानात विचारते, अजून किती दिवस? आज सात राहिले. भिंतीवर रेघा मारल्यायत तिनं.

… काय दुसरं नाव? इतक्या सहज?

… नको. मार्याता नको. आई, तुझ्या बहिणीचं नाव तिच्यापाशीच राहू दे. तुइस्कू आणि मार्याता, कसं वाटतं ते? एक तुफानातून आलेली आणि एक तुझ्या बहिणीच्या कापडाच्या दुकानातून.

… हो, चुलत भावंडांत एकसारखं नाव असतं, माहितेय. ते दोघे युहाना आहेत की आपल्यात. पण ती नावं सगळ्यांची असतात. हे सगळ्यांचं नव्हतं. म्हणून तर…

मला मार्युतशी बोलायचंय. दे तिला फोन. मी विचारणारच. आमच्या थोरलीचं नाव बर्फाचं, मग धाकटीचंही त्याच गोतावळ्यातलं असणार, एवढं तिला कळू नये? तिला कशाला हवं होतं असलं नाव? तिच्या घरी कुणाचं आहे? तिची तर ही पहिली…

… कोण ठोठावतंय?

… तीच? नको, नको आई, आत्ता नको देऊस, माझा आवाज… आई—

…

हॅलो. मार्युत.

… अभिनंदन. खूप खूप अभिनंदन गं.

… नाही, सर्दी झालीय. तुइस्कू ठीक आहे… नाही, आता नाही उलटी. आईला मीच धरून ठेवलं फोनवर. तुझ्या सॉनात जाऊन बसलीय ती, भावुक झालीय जरा, तुला माहितेय तिचं.

… हो. सांगितलं आईने. ऐकलं मी नाव.

… छान आहे. नाही, खरंच. मनापासून सांगतेय. फार सुंदर नाव आहे.

… मला काय वाटलं म्हणजे?

…

…

हो. ऐकतेय. बोल.

…

तुइस्कूसाठी?

… असं बोलू नये गं, त्रेचाळीस म्हणजे काही… नऊ वर्षं वाट बघितलीस, आली की नाही ही? मग दुसरं…

… डॉक्टरांनीच सांगितलं. बरं. मला नव्हतं माहीत. कधी बोलली नाहीस.

… म्हणजे हिला सख्खं भावंड नाही होणार, म्हणून निदान नावातून तरी…

… हो. आहे ना. थोरलीच आहे ती. थोरल्या बहिणीसारखीच आहे तुइस्कू तिला.

नाही, रडत नाहीये. सर्दी.

… मी रागवेन? मी का रागवेन, वेडी आहेस का? आम्हाला तर… आमचा मानच आहे तो. तुइस्कूला सांगते ना. खूश होईल. सांगते मी तिला.

… आमचं? ते रविवारी कळेल. नाही सांगणार. तू सांगितलंस का आम्हाला? मग.

… नाही गं, बर्फाबिर्फाचं नाही. अगदी वेगळं आहे. तू काळजी करू नकोस, दोघींची नावं एकमेकींच्या आड नाही येणार.

… हो. जा, माणसं थांबलीयत. सॅण्डविच केक कापला का? माझ्या वाटचा तूच खा, यार्क्को तिथे असता तर पाव म्हटलं की… हो. तिला माझा पापा दे. कूराला.

दे आईला.

…

आई. गेली का ती?

… ऐकलंस ना? मग झालं तर.

… नाही, मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? तूच सांग, काय बोलणार होते मी?

अगं ऐक ना. आता ऐक नीट. तिला हे कधीही कळता कामा नये. कधीच नाही. पुढे कधी मूड बिघडला, नाताळला वाईनचा पेला जास्त झाला, मी आणि ती भांडलो तरीही नाही. तुझ्या हातून गुपित बाहेर पडत नाही ना? मग हे ठेव.

… हो. फोटोही पुसून टाकते, झग्याचा.

… काय भरायचं ते मला नाही माहीत आई. मला काहीच माहीत नाही आत्ता. झगा घेऊन ये शनिवारी, दोरा आण, जागा तेवढी सोड. पाद्रीबाईंना कळवायचंय. बेकरीत केकवर नाव सांगून ठेवलंय, ते बदलायचंय. आणि ही जागी झाली. ऐकू येतंय? मला कळत नाहीये हिच्याजवळ जाऊन काय म्हणू. तोंडात तेच येतंय.

… 'बाळ' म्हणू. बरं. बाळ म्हणते.

… नाही, तुझी चूक नाही. तू शब्द पाळलास. कुणाचीच चूक नाहीये, तोच तर त्रास आहे. कुणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

जा तू आता बाहेर. तोंड धुतलंस का?… हो. कॉफी घे गरम.

… तुइस्कू?

… तू कधीपासून उभी आहेस दारात?

आई, ठेवते मी… नाही, ऐकलंय तिनं. बघूनच कळतंय. थांब, एक मिनिट.

ये राणी. इकडे ये माझ्याजवळ. हो, तेच नाव. हो, मार्युतमावशीच्या बाळाचं. नाही, कुणी चोरलं नाही. मावशीला ते तुझ्यासाठी हवं होतं. तिच्या बाळाला बहीण नाहीये ना, म्हणून तिला तुझ्या नावाशेजारचं नाव हवं होतं.

नाही, रागावू नकोस. मला माहितेय आधी तू ठेवलंस. मला माहितेय. तू, मी आणि बाबा, आपल्याला माहितेय.

तुइस्कू, तू अजून एक गुपित ठेवशील? पहिल्यापेक्षा मोठं आहे. याला रेघा मारायच्या नाहीत. हे रविवारीसुद्धा सांगायचं नाही. कधीच नाही सांगायचं.

… आई, तू अजून आहेस? ठेव ना गं आता, ठेव.

… काय, राणी?

हो. बाळालासुद्धा नाही.