राखून ठेवलेलं रडणं

नाही माय, रडत नाहीये मी. रडता आलं असतं तर एवढ्या उन्हाची इथं तलावावर कशाला येऊन बसले असते — घाम आहे हा, आणि राग आहे. बस ना, बस, बाकडं काय माझ्या बापाचं नाही. पाणी? नको, राहू दे, पाण्यानं उतरायचं नाही हे. कानातली वायर काढलीस? बरं केलंस, कोणीतरी ऐकेल म्हणून तर बाहेर आले, घरात बठ्ठे, सगळेच, डोळे मिटून बसले होते. भांडण? भांडण झालं असतं तर देव पावला असता, भांडणात माणूस तोंड तरी उघडतो. ते बघ, टाकीच्या मागं, गुलाबी रंगाचं — ते माझ्या भावाचं घर. होतं. आता भाच्याचं म्हणायचं, योगेंद्रचं. मी सावद्याहून आले काल, आखाजीला. आखाजी माहीत नाही? कुठली तू? पुण्याची — मग तुला कशी माहीत असणार, तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता आणि सोनं घेऊन मोकळे होता.

आमचं तसं नाही. खानदेशात वर्ष बदलतं ते आखाजीला, पाडव्याला नाही नि एक जानेवारीला तर मुळीच नाही. शेतावरचा सालदार गडी आखाजीला बदलतो, लेकी आखाजीला माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि गेलेल्यांची घागर आखाजीलाच भरतात. मातीची लाल घागर, गव्हावर ठेवायची, वर लहान मडकं, त्यावर खरबूज, आणि ज्याच्या त्याच्या नावानं पाणी. पण वर्षात कोणी गेलं असलं घरात, तर त्याची ती पहिली घागर — त्या दिवशी बायका रडतात. तशा नाही, डोळे पुसत पुसत नाही — मोठ्यानं, नाव घेऊन, हेल काढून, त्याचं बठ्ठं सांगत, तो कसा चालायचा, काय खायचा, कोणाला शिव्या द्यायचा. पार गल्ली ऐकते. आणि रडून झालं की तोंड धुवायचं, आमरस नि मांडे खायला बसायचं, आणि त्यानंतर त्या माणसासाठी रडायचं नाही. कधीच नाही. तो पितरांत गेला. पुढं रडलं तर त्याच्या घागरीचं पाणी खारट होतं, असं आई म्हणायची. म्हणजे रडायला दिवस एकच, आजचा. आणि आज मला म्हणतात — शांत.

कोण म्हणणार, डिंपल म्हणाली, योगेंद्रची बायको. वाईट नाही पोरगी, उगाच खोटं कशाला बोलू, सासऱ्याचं तिनं खूप केलं. पण कुठल्या तरी वर्गाला जाते, श्वासाच्या. तिथं शिकवलं म्हणे, नवीन वर्षाची सुरुवात शांतपणे करायची, मनात एक संकल्प धरायचा, घरात आवाज नको. मग हिनं काय केलं, म्हणाली आपलं खरं नवीन वर्ष तर आखाजी, आपण आखाजीलाच करू. बघ म्हणजे, आमचंच घेतलं आणि आमच्याच तोंडावर हात ठेवला. घागरीभोवती बसवलं सगळ्यांना, फोनवर घंटा वाजवली — टण्ण — आणि म्हणे डोळे मिटा, आणि एकेकानं आपला संकल्प सांगा. योगेंद्र म्हणाला मी चिडणार नाही. तिची पोर म्हणाली मी मोबाइल कमी बघेन. मेलेला माणूस समोर पाण्याची वाट बघतोय आणि ह्यांचा मोबाइल. माझी पाळी आली. मी घागरीत पाणी घातलं, छातीत भरून श्वास घेतला, तोंड उघडलं — माझ्या सुपडू भाऊ रे, एवढंसुद्धा पुरतं बाहेर पडलं नव्हतं, तोच खांद्यावर हात. "फुई, शांत. श्वास सोडा हळूहळू." फुई म्हणजे आत्या. आणि मी मूर्खासारखा सोडला श्वास. सोडला आणि गेलं ते. कुठं गेलं सांग बरं? वर येईना, खाली जाईना. इथं अडकलंय, हे इथं, हाडाखाली.

तू म्हणशील घरी जाऊन रडा. प्रेताजवळ रडला असाल की, म्हणशील. नाही रडले. कशी रडणार? पौषात गेला तो, मी पोचले तर भावजय प्रमिला बेशुद्ध, योगेंद्र भिंतीला टेकून, पाहुण्यांना कोणी चहा विचारेना. घरातली मोठी मी. मी हंबरडा फोडला असता तर सगळं घर खाली बसलं असतं. मी ह्याला उचल, तिला पाणी पाज, त्याच्या बोटातल्या अंगठीचं बघ, फुलांचं बघ — स्मशानातून आल्यावर लोक म्हणाले, भिकुबाई काय धीराची बाई आहे. बरं वाटलं मला. हो, वाटलं, आता तुझ्यापाशी काय लपवायचं, तू थोडीच सावद्याला येऊन सांगणार आहेस. धीराची म्हणाले म्हणून मग तेराव्यालाही रडले नाही. मनात म्हणलं, आखाजी आहे ना. आखाजीला सुपडूची घागर भरेन आणि त्या दिवशी असं रडेन की मेहरूणच्या ह्या तलावाला ऐकू जाईल. राखून ठेवलं होतं गं मी. लोक लग्नासाठी शालू ठेवतात तसं. रात्री भरून यायचं तर उशी तोंडात धरायचे, म्हणायचे आत्ता नाही, आखाजीला. काय काय म्हणायचं तेही ठरवलं होतं.

काय म्हणणार होते? ते असं सांगता येतं होय. सांगते. आईची पोरं जगत नव्हती. मी झाले तेव्हा तिनं मला शेजारणीच्या हवाली केलं आणि पदर पसरून भीक म्हणून परत मागून घेतलं, म्हणून मी भिकू. माझ्यानंतर दोन गेले. मग हा झाला, याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला क्षणभर, देवाची नजर नको म्हणून, म्हणून हा सुपडू. एक भिकेतली, एक सुपातला, एवढीच दोन उरलो. धुळ्याकडच्या आमच्या घरात याला कडेवर घेऊन मी मोठी झाले. माझं लग्न झालं, सावद्याला केळीच्या मुलखात दिलं, तर हा चड्डीतला पोरगा आखाजीला मला न्यायला आला, मुराळी म्हणून, काकांबरोबर. तेव्हापासून एक आखाजी चुकवली नाही यानं. नोकरीसाठी जळगावला आला, इथं घर बांधलं, तरी आखाजीच्या आधी दारात उभा — "अक्का, आखाजी उनी, चाल." उनी म्हणजे आली. चहासुद्धा उभ्याउभ्या. दुखणं झालं तेव्हा फोनवर काय म्हणाला? "बठ्ठं ठीक शे, अक्का." ठीक शे म्हणे. आणि यंदा योगेंद्रनं काय पाठवलं माहितीये — गाडी. थंड हवेची गाडी आणि ड्रायव्हर. मला म्हणाला, मावशी, गाणी लावू का? मुराळी म्हणून गाडी येते का कुठं? मी त्या थंड गाडीत पहूर सोडून जिल्ह्यातली सगळी गावं विचारली त्याला, रडू येऊ नये म्हणून. पहूरला आमची मावशी राहायची, सुपडूवर जीव होता तिचा, ते नाव काढलं असतं तर तिथंच सुरू झालं असतं. राखायचं होतं ना.

आणि मी एकटी असते तर सोड, गिळलं असतं. प्रमिलाचं काय? आमच्यात रडणं काढायचा मान बहिणीचा. बहिणीनं पहिला हेल काढायचा, मग बायकोनं तोंड उघडायचं, आधी नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती कोपऱ्यात, पदराचा बोळा दातात धरून, की अक्का आता काढतील, आता काढतील. आणि अक्कानं श्वास सोडला. तिला डिंपलनं विचारलं, आई, तुमचा संकल्प? तर म्हणाली, काही नाही, सगळे सुखी राहा. आवाज असा आला की मडक्यातून बोलतेय. मग ताटं वाढली. मी ताट सरकवलं आणि चपला घातल्या. योगेंद्र म्हणाला, फुई, वर्षाच्या पहिल्याच दिवशी राग कशाला? अरे, आमचंही वर्ष शांतच सुरू व्हायचं. तुझ्या आजीचं व्हायचं, माझं व्हायचं. पण आधी रडून. घसा बसेपर्यंत रडल्यावर जी शांतता येते घरात, ती तुझ्या घंटेनं कशी येईल? असं म्हणायचं होतं मला. नाही म्हणले. दार आपटून आले.

आता ऊन कलेल, दिवस जाईल, उद्या तो पितरांत. उद्यापासून मनाई. मग हे हाडाखालचं घेऊन मी सावद्याला जाणार, त्याच थंड गाडीतून, आणि लोक म्हणतील भिकुबाई काय — थांब.

कोण येतंय ते? तुझी नजर बरी, बघ जरा. टाकीकडनं. डोक्यावरचा पदर पडलाय, घरातल्या सपाता घातल्यात — गुडघ्यानं पायरी उतरवत नाही तिला, एकटी कशी आली ही. सांगून आली नसणार. बघ कशी चालतेय, बोळा अजून दातातच.

ऊठ, माय. ती जागा तिला लागेल. तुझी बाटली राहू दे इथं, मघाशी नको म्हणाले खरी — नंतर तोंड धुवायला लागेल आम्हाला. जा आता. मागं वळून बघू नकोस, आधी मला सुरू करायचंय.