खाणीखालच्या शेतातली माती

"कुणी मानणार नाही, पण आमची माती अशी गुणाची, की लंगडा बैल तिच्यात लोळला आन् सकाळी शर्यत जिंकला!" बुरहानपुरात माती तपासणीच्या रांगेत लीलाधरआबांनी मांडीवरची पिशवी थोपटली.

सून चारुलताला हसू येईना. "आबा, तुमच्या नातीच्या, गुड्डीच्या रक्तात शिसं निघालंय. त्याच शेतातली मेथी खाते ती."

"शिसं आलं होतं, बेटा. मीच काठीनं हाकललं!"

"शेताच्या वर शिशाची बंद खाण आहे. पावसाचं पाणी तिथूनच उतरतं ना?"

"उतरू दे. आपली माती पास होणार."

"एवढी गॅरंटी?"

"मग! मीच शिकवलंय तिला."

चारुलतानं पिशवीत हात घातला. बोटांना शिंपले लागले.

"आबा, शेतातली सोडून ही तापीकाठची माती आणली तुम्ही! आता गुड्डीला काय खाऊ घालू मी?"